लाइन तीन अमेरिकेला निघाली

“फ्राउ साठे, तुमचं एस्टा असेलच ना?” माझे बॉस हेर हेबर्ले यांनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं. जर्मनमध्ये फ्राउ म्हणजे श्रीमती आणि हेर म्हणजे श्रीयुत.

एस्टा म्हणजे जर्मन पासपोर्टवाल्यांना अमेरिकेत जाण्यासाठी लागणारी ऑनलाइन परवानगी. चहा उकळेपर्यंत अर्ज भरून होतो.

“नाही,” मी म्हटलं. “माझा पासपोर्ट भारतीय आहे. मला व्हिसा लागेल. त्यासाठी वकिलातीत मुलाखत असते. आत्ताच सुरुवात केली तर बरं.”

“आल्झो,” हेबर्ले म्हणाले. जर्मन माणूस ‘आल्झो’ म्हणाला की समजायचं, तुमचं बोलणं संपलं. “हा आजच्या टागेसऑर्डनुंगवरचा मुद्दा नाही. थेमेनश्पायशरमध्ये टाकू.”

टागेसऑर्डनुंग म्हणजे बैठकीची विषयपत्रिका. आणि थेमेनश्पायशर म्हणजे भिंतीवर चिकटवलेला एक मोठा कागद. विषयपत्रिकेबाहेरचं काही बोललात तर ते या कागदावर लिहून ठेवतात, म्हणजे बैठक मार्गावर राहते आणि तुमचा मानही राहतो. पुढे कधीतरी त्यावर चर्चा होईल असं गृहीत धरलेलं असतं. मी इतकी वर्षं या देशात नोकरी करते आहे. या कागदावर मुद्दे जाताना खूप पाहिले, परत येताना एकही पाहिला नाही. हेबर्ले यांनी हिरव्या मार्करने सुबक अक्षरात लिहिलं, ‘व्हिसा?’ आणि त्याभोवती चौकोन काढला. मग आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो. पुढचा मुद्दा होता लाइन तीन अमेरिकेला हलवण्याचा. ती तिकडे सुरू करून देणारी व्यक्ती म्हणून माझं नाव तक्त्यात आधीच भरलेलं होतं आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘उपलब्ध’.

आमची कंपनी नेकारसुल्मजवळच्या एका गावात मोटारींचे कूलंट पंप बनवते. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवतो तो हा पंप. तो चालू असतो तोवर कोणाला त्याची आठवण येत नाही. लाइन तीनवर अमेरिकन गिऱ्हाइकांचे पंप बनतात आणि लाइनच्या शेवटी माझं टेस्ट बेंच आहे. प्रत्येक पंप त्यावर चढतो, त्यात हवेचा दाब भरला जातो, तो फिरवला जातो आणि गळती व थरथर मोजली जाते. ऐकायला सोपं वाटतं. पण बेंचला आधी शिकवावं लागतं की चांगला पंप म्हणजे काय. जागा बदलली, जमीन बदलली, हवेचं तापमान बदललं की सगळं पुन्हा शिकवायचं. हे काम कंपनीत दोघांनाच येत होतं, मला आणि हेर क्नोडलर यांना. क्नोडलर निवृत्त झाले आणि बायकोला घेऊन कॅम्परमधून नॉर्वेला गेले. जर्मन माणूस निवृत्त होतो तो खरोखरच होतो. त्यांच्या घरचा फोन वाजत राहतो.

आता हे स्थलांतर कशासाठी, तर अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मोटारीच्या भागांवर टॅरिफ लावलं, म्हणजे जादा आयात शुल्क. हेतू असा, की परदेशी माल महाग झाला की लोक अमेरिकन माल घेतील आणि कारखाने अमेरिकेत परततील. हे कितपत खरं यावर टीव्हीवर रोज अर्थतज्ज्ञ भांडत होते. आमच्या पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर तर अर्थतज्ज्ञ नसलेलेही भांडत होते. शुल्क भरतो कोण, हा सगळ्यांच्या भांडणाचा मुद्दा. मला त्याचं उत्तर दर मंगळवारी व्हिडिओ कॉलवर समोर दिसायचं. त्याचं नाव ब्रॅड. तो आमच्या अमेरिकेतल्या गोदामाचा मॅनेजर. दिलखुलास माणूस, टॅरिफचा कट्टर समर्थक.

“शेवटी एकदाचे तुम्ही लोक पैसे भरायला लागलात,” तो पहिल्या मंगळवारी हसत म्हणाला.

“ब्रॅड, परवाचं कस्टम्सचं बिल कोणी भरलं?”

“मी. म्हणजे आमच्या ऑफिसने.”

“तुमचं ऑफिस कुठे आहे?”

“ओहायोत. पण अनघा, तत्त्व वेगळं आहे. भरतो मी, पण भरावं लागतंय ते तुम्हाला.”

शुल्क माल उतरवून घेणाऱ्याला, म्हणजे त्याच देशातल्या आयातदाराला भरावं लागतं. ब्रॅड स्वतः सही करून ते भरत होता, त्यासाठी पंपांची किंमत वाढवत होता, वाढलेल्या किमतीबद्दल गिऱ्हाइकांच्या शिव्या खात होता, आणि तरी शुल्क जर्मनीच भरते यावरची त्याची श्रद्धा ढळत नव्हती. मी तो नाद सोडून दिला.

जर्मनीत टॅरिफचा परिणाम असा झाला की टास्क फोर्स स्थापन झाली. कन्सल्टंट आले. त्यांच्यातले डॉक्टर फाबियान हे आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. वयाने तिशीच्या आतले, पांढरे स्वच्छ बूट, कूलंट पंप आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी शॉपफ्लोअरवर चक्कर मारली, पंप हातात घेऊन वजन अजमावलं आणि दोन आठवड्यांत सांगितलं, लाइन तीन अमेरिकेत न्या, शुल्क वाचेल. स्लाइड फार सुरेख होत्या. जर्मनीवरून निघालेला निळा बाण समुद्र ओलांडून थेट ओहायोत उतरत होता.

“पण पंपाची बॉडी कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येते,” मी म्हटलं. “ती तिथून थेट अमेरिकेला गेली तर भारतीय मालावरचं अमेरिकन शुल्क लागेल. ते सध्या जर्मन मालावरच्या शुल्कापेक्षा जास्त आहे.”

“इंटरेसांट,” डॉक्टर फाबियान म्हणाले.

“सील इटलीहून येतं. मोटर झेकहून. मग अमेरिकेत बनणार काय?”

“असेंब्ली,” ते म्हणाले. “आणि पॅकेजिंग.”

म्हणजे खोकं अमेरिकन होणार होतं. हेबर्ले यांनी हिरवा मार्कर उचलला आणि व्हिसाच्या खाली ‘कोल्हापूर?’ असं लिहिलं. स्पेलिंग मला विचारून लिहिलं, हे मात्र मानलं पाहिजे. जर्मन माणूस मुद्दा गाडतो, पण अचूक स्पेलिंगसकट.

मी हे सगळं आता हसत हसत सांगते आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. लाइन तीन गेली की माझ्या डिपार्टमेंटला इथे काम उरत नव्हतं. हेबर्ले यांनी मला केबिनमध्ये बोलावून ते सांगितलंही. ओहायोची लाइन नीट चालू झाली की माझी जागा ‘पुनर्विचाराधीन’ राहील. म्हणजे ज्या दिवशी मी माझं काम उत्तम पार पाडेन, त्याच दिवशी माझी नोकरी जाईल. आसपासच्या सगळ्या मोटार कंपन्या माणसं कमी करत होत्या. पन्नाशीला टेकलेली परदेशी बाई, टेस्ट बेंचची तज्ज्ञ, हिला कोण घेणार? मुलीचं, रेवाचं, आबिटुअर पुढच्या वर्षी होतं. हा इथला बारावीसारखा बोर्ड. घराचे हप्ते चालू होते. रात्री झोप यायची नाही आणि मला राग यायचा, तोही नेमका कोणावर काढावा ते कळायचं नाही. वॉशिंग्टनच्या साहेबांवर काढावा तर ते फार लांब, हेबर्लेंवर काढावा तर ते फार सभ्य.

त्या दिवसांत माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. जेवताना मी अमेरिकेच्या प्रोजेक्टचं सांगितलं. त्यांनी वाटीतली आमटी संपवली आणि विचारलं, “अगं, पण तुला व्हिसा आहे का तिकडचा?”

“नाही ना आई.”

“मग सांगितलंस का त्यांना?”

“सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून भिंतीला लावलंय.”

“भिंतीला?” सासूबाईंनी मंदारकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. “मला इथे तीन महिने यायचं तर बँकेची कागदं, तुझं आमंत्रण, इन्शुरन्स, घराचे उतारे, कायकाय दिलं मी. बायोमेट्रिकला बोटं उमटत नव्हती म्हणून दोनदा गेले. आणि यांना वाटतंय माझी सून उद्या बॅग उचलून अमेरिकेला जाईल?”

“आई, त्यांना कधी व्हिसा लागतच नाही कुठे,” मंदार म्हणाला. “म्हणून सुचत नाही त्यांना.”

“ओमा हाट रेष्ट,” रेवा ताटातून मान वर न करता म्हणाली. आजीचं बरोबर आहे. आमची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते.

मंदार म्हणाला तेच खरं होतं. यात दुष्टपणा काही नव्हता. त्यांनी प्रत्येक नट किती जोराने आवळायचा तो टॉर्क तक्त्यात लिहिला होता. ओहायोतल्या प्लगचा आकार, तिथल्या जमिनीची जाडी, हवेतली आर्द्रता, सगळं. पण माणसाला सीमेवर अडवतात ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात कधी घडलीच नव्हती, मग ती तक्त्यात येणार कशी?

शेवटी मीच व्हिसाचा अर्ज भरला. हेबर्लेंना कळल्यावर त्यांना नवल वाटलं. “जर्मन पासपोर्टच घ्या ना पटकन,” त्यांनी सुचवलं.

“अर्ज कधीचा दिलाय. तुमच्या आम्टमध्ये पडून आहे.” आम्ट म्हणजे सरकारी कचेरी.

“माझं आम्ट नाही ते,” हेबर्ले थोड्या दुखावल्या सुरात म्हणाले. तरी त्यांनी माझ्यासमोर तिथे फोन लावला. खूप वेळ संगीत ऐकलं. मग एका बाईंनी सांगितलं की प्रकरण प्रक्रियेत आहे, आणि प्रक्रियेबद्दल विचारणा केल्यास प्रक्रिया लांबते. हेबर्लेंनी त्यांची माफी मागून फोन ठेवला. स्वतःच्या देशाच्या कचेरीचा हा अनुभव त्यांना बहुधा नवीन होता.

इकडे लाइन हलवायची तयारी जोरात सुरू झाली. लाइन बंद असताना गिऱ्हाइकांना पंप मिळायला हवेत म्हणून आधी बफर स्टॉक करायचा, म्हणजे जादा पंप बनवून ठेवायचे. त्यासाठी शनिवारी काम करावं लागणार होतं. शनिवारी काम म्हणजे बेट्रीब्सराट, कामगारांची निवडून आलेली समिती, तिची परवानगी. समितीने बैठकांवर बैठका घेतल्या आणि परवानगी दिली, अट एवढीच की दुपारी सॉसेजचं ग्रिल लावायचं. आपलीच लाइन परदेशी पाठवण्यासाठी लोक शनिवारी येऊन कष्ट करत होते आणि ग्रिलपाशी उभं राहून फक्त मोहरीचा सॉस संपल्याची तक्रार करत होते. मी शाकाहारी, मला बटाट्याचं सॅलड मिळायचं. त्यातही बेकनचे तुकडे असायचे.

पॅकिंग झालं. माझं टेस्ट बेंच लाकडी क्रेटमध्ये बंद झालं. आणि मग एका मंगळवारी ब्रॅड पडेल चेहऱ्याने कॉलवर आला.

“कस्टम्सच्या एजंटशी बोललो,” तो म्हणाला. “तुमच्या मशिनवर पण टॅरिफ आहे.”

“कशावर?” हेबर्ले म्हणाले.

“मशिनवर. टेस्ट बेंचवर. आणि आतल्या स्टीलचा वेगळा हिशोब मागतायत.”

“पण हे मशीन तर टॅरिफ टाळण्यासाठी पाठवतोय!” डॉक्टर फाबियान म्हणाले.

“मी सांगितलं त्याला. तो म्हणाला, अमेरिकन मशीन का घेत नाही?”

“अमेरिकेत असं बेंच कोण बनवतं?” मी विचारलं.

“कोणी नाही,” ब्रॅड म्हणाला. “मी शोधलं. जे विकतात ते जर्मनीहून मागवतात.”

अमेरिकेत कारखाना काढा म्हणून शुल्क, आणि कारखाना काढायला मशीन आणलं तर त्यावरही शुल्क. हे धोरण कोणीतरी विचारपूर्वक आखलं असेल असं गृहीत धरून डॉक्टर फाबियान यांनी त्यामागचं लॉजिक समजावून सांगायचा प्रयत्न केला. दोन वाक्यांनंतर तेच थांबले.

माझी मुलाखत त्यानंतर होती. आदल्या दिवशी हेबर्लेंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “फ्राउ साठे, काय काम म्हणून विचारलं तर फक्त ‘मीटिंग्ज’ म्हणा. लीगलवाले म्हणतात, ते सोपं पडतं.”

मी रात्रभर विचार करत होते. परदेशी तंत्रज्ञांना कारखान्यातून पकडून नेल्याच्या बातम्या त्या सुमारास सगळ्यांनी पाहिल्या होत्या. मीटिंग म्हणून गेले आणि हातात पाना घेऊन बेंचखाली सापडले तर मला कोण सोडवायला येणार? हेबर्ले? ते मला थेमेनश्पायशरमध्ये टाकतील. मला भीती वाटत होती, आणि हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

वकिलातीतल्या खिडकीपलीकडचा अधिकारी तरुण आणि नम्र होता.

“अमेरिकेत काय करणार?”

“टेस्ट बेंच चालू करणार.”

“म्हणजे मीटिंग्ज?”

त्याने वाट करून दिली होती. पुण्यात असते तर मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले असते. पण जर्मनीत राहून माणसाला एक खोड लागते, विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर देण्याची. “नाही,” मी म्हटलं. “बेंचखाली झोपून सेन्सर लावायचे, मास्टर पीस म्हणजे नमुन्याचे पंप चालवायचे, मर्यादा ठरवायच्या. मीटिंग्ज कमी.”

“हे काम एखादा अमेरिकन माणूस करू शकत नाही?”

“मी शिकवलं तर करू शकेल.”

“तुम्ही कुठे शिकवणार?”

“अमेरिकेत.”

“आणि हे काम झाल्यावर तुमची इथली नोकरी चालू राहील? तुम्ही परत याल ना?”

“परत येईन,” मी म्हटलं. “माझं घर इथे आहे. नोकरीचं मात्र सांगता येत नाही. काम नीट झालं तर ती जाणार आहे.”

त्याने टायपिंग थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग एक रंगीत कागद दिला. अर्ज अधिक तपासणीसाठी राखून ठेवला आहे, कळवू. मला वाटतं त्याच्या कारकिर्दीत त्याला इतकं खरं उत्तर कोणी दिलं नसावं, आणि खऱ्या उत्तरासाठी त्याच्या कॉम्प्युटरवर बटण नसावं.

आठवडे गेले. क्रेट हॉलमध्ये उभे होते. बफर स्टॉक दिवसेंदिवस उतरत होता. व्हिसा येत नव्हता. आणि मग, एका सकाळी उठलो तर वॉशिंग्टनने युरोपशी समझोता जाहीर केला होता. मोटारीच्या भागांवरचं शुल्क खाली आलं. भारताचं मात्र वरच राहिलं. डॉक्टर फाबियान यांनी नवीन स्लाइड केली. निळा बाण तोच होता, पण आता त्याच्या पुढ्यातला आकडा लाल झाला होता. कोल्हापूरची बॉडी, बेंचवरचं शुल्क आणि ओहायोचे पगार धरले तर पंप इथेच बनवणं स्वस्त पडत होतं. म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच आम्ही आलो होतो, फक्त मधे कन्सल्टंटची फी गेली होती आणि लाइन खोक्यात होती.

निर्णयाच्या बैठकीला म्युनिकहून मोठे साहेब आले. आता अडचण अशी, की प्रोजेक्ट चुकला असं म्हणायचं कोणी? साहेबांनी तो मंजूर केला होता, हेबर्लेंनी आखला होता, फाबियाननी सुचवला होता. अमेरिकेचं धोरण चंचल आहे असं लिहावं तर साहेब म्हणाले, गिऱ्हाइकं अमेरिकन आहेत, राजकीय काही नको. मग हेबर्लेंची नजर भिंतीवर गेली. ते उठले, थेमेनश्पायशरपाशी गेले आणि हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

“फ्राउ साठे यांचा व्हिसा,” ते म्हणाले.

“गेनाऊ!” साहेब म्हणाले. अगदी बरोबर!

“हा जोखमीचा मुद्दा आमच्या टीमने अगदी सुरुवातीलाच नोंदवला होता,” हेबर्ले म्हणाले.

“उत्तम,” साहेब म्हणाले.

डॉक्टर फाबियान यांनी तेवढ्यात त्यावर स्लाइडही केली. बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं गेलं, स्थलांतर अनिश्चित काळासाठी स्थगित, कारण फ्राउ साठे यांचा व्हिसा अनुपलब्ध. जागतिक अर्थव्यवस्था, दोन खंडांचा व्यापार, स्टील, ॲल्युमिनियम या सगळ्याचं खापर शेवटी माझ्या डोक्यावर फुटलं. मी ते आनंदाने फुटू दिलं.

क्रेट उघडले. बेंच त्याच्या जुन्या जागेवर, जुन्याच खुणांवर उभं राहिलं आणि मी त्याच्याखाली झोपून सेन्सर लावले. पहिला पंप पास झाला तेव्हा मला रडू आलं. शेजारच्या फिटरने काही न विचारता हात पुसायचं फडकं पुढे केलं. ब्रॅडचा निरोप आला की टॅरिफ जिंकलं, युरोपने गुडघे टेकले. कस्टम्सचं बिल तो अजूनही दर आठवड्याला भरतोच आहे.

पुढच्या सोमवारी हेबर्लेंनी बैठकीत थेमेनश्पायशरवरचा ‘व्हिसा?’ खोडला आणि शेजारी लिहिलं, ‘एरलेडिग्ट’, म्हणजे निकाली. ‘कोल्हापूर?’ अजून तसंच आहे.

त्यापुढच्या सोमवारी सकाळी वकिलातीचा मेल आला. तपासणी पूर्ण झाली आहे, व्हिसा मंजूर, स्टॅम्पसाठी पासपोर्ट पाठवून द्यावा.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या पुण्याला परतल्या होत्या. “मग ऑफिसात सांगितलंस का?” त्यांनी विचारलं.

ऑफिसात पोचले तेव्हा आठवड्याची बैठक सुरू होत होती. हेबर्लेंनी नेहमीप्रमाणे शेवटी विचारलं, “कोणाचा आणखी काही मुद्दा?”

मी टागेसऑर्डनुंग पुन्हा एकदा नीट वाचली. तिच्यात अमेरिका कुठेच नव्हती.

“नाही,” मी म्हटलं.